उचलून नेणारी माणसं

रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाकडे धरली आणि म्हणाले, “ट्रान्सव्हर्स मायलायटिस.” म्हणजे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला सूज. मेंदूचा निरोप पायांपर्यंत धड पोचतच नाही.

“दिवाळीपर्यंत बरी होईन ना?” मी विचारलं. डॉक्टरांनी फिल्म पाकिटात सरकवली आणि भरती व्हायची चिठ्ठी लिहायला घेतली.

सुरुवात हुडकेश्वरच्या बाजारात झाली होती. मी एकाच पायात चप्पल घालून भाजीवाल्याशी वांग्यांवरून वाद घालत होते. दुसरी चप्पल मागेच निसटली होती आणि मला पत्ता नव्हता. बरोबर आलेले हे हसले. मग माझा चेहरा पाहून चप्पल आणायला मागे वळले.

दवाखान्यात सलाइनमधून स्टेरॉइड दिलं, म्हणजे सूज उतरवणारं औषध. सूज उतरली, हात बचावले, पाय मात्र रुसलेलेच राहिले. लघवीवरचा ताबाही कमी झाला. हे कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. लाजू नका, डॉक्टरांना सांगा.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “व्हीलचेअर घ्या आणि रोज बाहेर पडा. घरात बसाल तर मन आधी आजारी पडेल.”

सांगणं सोपं होतं. आमच्या सोसायटीत लिफ्ट आहे, पण लिफ्ट आणि पार्किंग यांच्या मध्ये चार पायऱ्या आहेत. मी सेक्रेटरी बोंडेभाऊंना उतार बांधून मागितला.

“रॅम्प काहून पाहिजे, वहिनी? आम्ही मेलो का?” ते खरंच दुखावले. “तुमाले उचलायले आम्ही आहोत ना!”

आणि उचलायचेही. सोसायटीतले चौघं जण खुर्चीसकट मला विसर्जनाच्या गणपतीसारखं खाली नेत. शेजारची शोभा मागून माझी शाल सावरायची. इतकं प्रेम केलं या माणसांनी, की तक्रार करायला जीभ रेटेना.

एका दुपारी खाली असताना मला घाईची लागली. चौघंही कामावर, हे बँकेत. शोभाने एकटीनेच खुर्ची पायऱ्यांवर ओढून पाहिली. व्हायचं ते झालं. भर पार्किंगमध्ये मी ओली बसून राहिले आणि शोभा माझ्यापुढे ओढणी पसरून उभी राहिली.

त्यानंतर मी खाली जायचंच बंद केलं. बोंडेभाऊ चौकशीला आले, तेव्हा सगळं सांगून टाकलं. म्हटलं, “भाऊ, तुमच्या खांद्यांवर माझा विश्वास आहे. पण मला तुमची वाट न पाहता घरी यायचंय.”

“पहिले काहून नाई सांगितलं, वहिनी?” भाऊ म्हणाले आणि टेप घेऊन पायऱ्या मोजायला गेले.

चढ सोपा हवा तर उतार लांब हवा. त्यात एका गाडीची जागा जात होती. बोंडेभाऊंनी स्वतःची दिली. त्यांची गाडी आता रस्त्यावर उन्हात तापते, आणि ते मलाच विचारतात, उतार बरोबर झाला ना?

तुमच्यावर अशी वेळ आली, तर प्रेम करणाऱ्यांना नेमकं काय हवं ते स्पष्ट सांगा. ती माणसं वाईट नसतात, त्यांना माहीत नसतं.

यंदा पार्किंगमध्ये भुलाबाईची मूर्ती मांडली होती, तिच्यापुढे बायकांनी फेर धरून बसायचं आणि गाणी म्हणायची. संध्याकाळी मी एकटीच लिफ्टने उतरले, ब्रेक सांभाळत उतारावरून खाली आले. बायका गोल करून बसल्या होत्या. कुणी उठलं नाही, कुणी धावलं नाही.

शोभाने मात्र डोळे वटारले. “एवढा उशीर काहून केला वं? तुह्यासाठी सगळ्या खोळंबून राहिल्या ना!”

दुखणं आल्यापासून मला कुणी असं झापलं नव्हतं. डोळे भरून आले. “सरक वं, जागा दे,” म्हटलं आणि गाणं धरलं.