नव्याची काकडी

राजीनामा लिहायला सोनलला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वर्गातल्याच एका वहीचा कागद काढला, चार ओळी लिहिल्या आणि घडी घालून तो पर्समध्ये ठेवला. समोर चार मुलं बसली होती. कालपर्यंत बावीस होती.

डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली ही मुलगी. वडील सूर्यकांत रेल्वेत पॉइंट्समन. शिक्षणसेवक म्हणून तिची निवड झाली तेव्हा ते महालक्ष्मीच्या पायाशी नारळ ठेवून आले होते. शाळा मिळाली ती तलासरीच्या पुढे, वेवजीकडच्या एका पाड्यावर. दोन खोल्या, एक हातपंप आणि शिकवायला एकटी सोनल. एसटीने तलासरी, तिथून शेअर रिक्षा, आणि शेवटचा अर्धा तास पायी.

चालण्याचं तिला काहीच नव्हतं. तिला खात होती ती मुलांची शांतता. जून गेला, जुलै गेला, मुलं बोलेचनात. हजेरीला "हजर बाई" म्हणायची, की संपलं. शाळा सुटली की मात्र पायरी उतरायच्या आत किलबिल सुरू. वारलीतली ती किलबिल सोनलला अर्धीच कळायची, आणि आपल्याशी कोणी तसं बोलत नाही याचं तिला वाईट वाटायचं.

एक परसबाग तेवढी तिच्या आणि मुलांच्या मधली होती. शाळेमागच्या तुकड्यात मुलांनी वेल लावले, मांडव घातला. तिसरीतली शुक्री तर मधल्या सुट्टीत जाऊन पानं उलटून बघायची. ऑगस्टच्या शेवटी काकड्या लागल्या. हिरव्यागार, हातभर लांब. सोनलला इतका आनंद झाला, की तिने आदल्या दिवशीच केंद्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, उद्या मुलांचा काकडी खातानाचा फोटो टाकते.

त्या दिवशी नेमकी खिचडी शिजवणारी बायजी भात झाकून तलासरीला बँकेत गेली होती. सोनलने स्वतःच काकड्या चिरल्या, मीठ लावलं, प्रत्येकाच्या ताटात दोन-दोन फोडी वाढल्या. पहिली फोड आपणच तोंडात टाकली. "बघा, कशी गोड आहे. खा."

कोणी हात लावला नाही.

"खा ना. तुम्हीच लावली ना?"

बावीस मुलं मांडीवर हात ठेवून बसलेली. शुक्रीने आपली फोड उचलली तीही मागे लपवायला. सोनलचा तोल सुटला. "खा म्हणते ना! एवढं करते मी, आणि एक फोड खाल्ली जात नाही तुमच्याच्याने?" पहिलीतलं एक लहानगं रडायला लागलं. फोटो राहिला. दुसऱ्या दिवशी वर्गात चार मुलं.

रविवारी तो कागद वाचून वडील म्हणाले, "नोकरी तुझी आहे, ठरव तू. पण द्यायच्या आधी मनोरमाबाईंना दाखवून ये."

मनोरमाबाई म्हणजे सोनलच्या दुसरीच्या बाई. निवृत्त होऊन आता आशागडला राहत होत्या. सोनल गेली तेव्हा त्या ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या.

"ये गं. चेहरा असा का? कोणी मारलं वर्गात?"

"मलाच मुलांनी मारलं बाई," सोनल म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. मग कागद पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. काकडीचं सांगून झालं तसे मनोरमाबाईंचे हात थांबले.

"तुझ्या घरी गणपती असतो ना?"

"दीड दिवसाचा."

"नैवेद्य दाखवायच्या आधी मोदक खाल्लायस कधी?"

"छे! आई हात लावू देते का?"

"मग पाहुणा येऊन म्हणाला असता, खा गं, किती गोड आहे, तर?"

 उरलेले वाल मनोरमाबाईंनी तिच्याकडे सरकवले आणि कागद हातात घेतला.

"हा मी तपासून ठेवते. माझ्याकडे वह्या किती दिवस पडून राहायच्या, आठवतंय ना? तीन आठवडे लागतील. तोवर तू त्या पाड्यातल्या मोठ्या माणसाला भेट. आणि एक कर सोनल, सांगू नकोस. विचार."

"मला नाही जमत आता, बाई."

"माझं पहिलं वर्ष गंजाडकडे गेलं. मी दर शनिवारी सामान बांधायचे. दर सोमवारी सोडायचे. कोणी मला शाबासकी दिली म्हणून राहिले नाही. एक म्हातारी रोज विचारायची, जेवलीस का. तेवढ्यावर वर्ष काढलं. तुला कोणी विचारतं का तिथे?"

सोनलला बायजी आठवली. रोज वाढताना आधी तिचं ताट करणारी.

सोमवारी शाळेत बायजीने तिला बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "बाई, काय ओ तुमी! मी एक दिवस नाय, तर तुमी काकडीच कापली? चला, लाहूदादा वाट बघतो. मीच सांगितलाय त्याला."

लाहूदादा शाळा समितीचे अध्यक्ष. पाड्यावर लग्न ठरवायचं असो की बांधाचं भांडण मिटवायचं असो, त्यांच्या अंगणात माणसं जमतात. ते बांबूच्या कामट्या तासत होते. सोनलने बसायच्या आत विचारलं, "दादा, माझं काय चुकलं?"

त्यांनी कोयता खाली ठेवला. "चुकला काय नाय. तुमाला कोणी सांगितलाच नाय, तर कळंल कसा? शेतात पयला जे येतं ना, काकडी असो, भात असो, ते आधी देवाला. कणसरीला, आमच्या धान्याच्या देवीला. हळवा भात, लवकर पिकतो तो, कापला की नवं करतो. तवर आमी तोंडाला लावत नाय. पोरां पण नाय."

"आणि मी ओरडले त्यांना," सोनल म्हणाली. "म्हणून शाळेत येत नाहीत. घाबरली मला."

लाहूदादा हसले. "तुमाला घाबरली नाय, बाई. तुमच्यासाठी घाबरली."

"म्हणजे?"

"तुमी एक फोड खाल्ली ना? शुक्री त्याच दुपारी हितं आली. तिची फोड पानात गुंडाळून आणलेली. म्हणं, आजा, ही देवाजवळ ठेव, आमच्या बाईंना काय होऊ देऊ नको. मागून बाकीची पोरां. ती बघा."

देवाच्या कोनाड्याखाली सागाच्या पानांच्या पुड्या ओळीने ठेवलेल्या होत्या. सुकून तपकिरी झालेल्या. सोनलने मोजल्या नाहीत. ती नुसती हात जोडून उभी राहिली.

"मग शाळेत का येत नाहीत?"

"आयाच पाठवत नाय. बाई पुन्हा खायला लावतील म्हणून. ते मी बघतो." मग ते म्हणाले, "बायजीनी तुमाला कागद लिहिताना बघितला. म्हणते, तुमी जाणार."

 बायजी कुडाच्या भिंतीकडे बघत होती, जणू तिने काही सांगितलंच नव्हतं.

"मी लहान होतो तवा रोज शाळेतून पळायचो," लाहूदादा सांगू लागले. "चिंचणीचे गुरुजी होते. शनिवारी घरी जायचे, येताना सुके बोंबील आणायचे. एक दिवस मला ओहोळावर पकडला. मी म्हटला, आता मारणार. ते खाली बसले, म्हणाले, लाहू, खेकडा कसा धरतोस रे? मला नाय येत. मी दाखवला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, खेकड्याला तुमी काय म्हणता? मी सांगितला, त्यांनी वहीत लिहिला. माझा शब्द, गुरुजींच्या वहीत! मग मी कशाला पळतो? सातवी झालो. पाड्यात पयला." त्यांनी परत कोयता उचलला. "तुमाला जायचा असंल तर आमी अडवणार नाय. पण नवं होईपर्यंत थांबा. पोरांचा जीव टांगलाय. त्यांना एकदा बघू द्या, बाई बऱ्या आहेत."

"आणि देव रागावला असेल तर?" सोनलने विचारलं. तिने ते मनापासून विचारलं होतं.

"देव काय फोटो मागतो ग्रुपवर टाकायला?" लाहूदादा म्हणाले, आणि बायजी इतकी हसली की तिला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी एकोणीस मुलं आली. सोनलने फळ्यावर काकडी काढली आणि विचारलं, "हिला तुम्ही काय म्हणता? मला शिकवा."  मग शुक्रीने शब्द सांगितला, सोनलने तो चुकीचा म्हटला, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी फिस्स करून हसलं. जूनपासून त्या वर्गात ऐकलेलं ते पहिलं हसू.

पंचवीस दिवसांनी नवं झालं. लाहूदादांच्या अंगणात नवा तांदूळ, काकडी, चवळी देवापुढे मांडली. शाळेच्या मांडवावरची काकडी मुलांनी स्वतः नेली होती. देवाचं झाल्यावर बायजीने नव्या तांदळाच्या पिठात काकडी किसून, पानात वाफवून केलेले गोड तुकडे वाटले. शुक्री आपला वाटा घेऊन सोनलसमोर आली.

"बाई, आता खा. आता काय नाय होत."

सोनलने तोंड उघडलं. शुक्रीने घास भरवला आणि थोडी वाट बघितली, बाईंना खरंच काही होत नाही ना. मग पळत जाऊन सगळ्यांना सांगितलं.  सोनलने मनातल्या मनात महालक्ष्मीला सांगितलं, आई, तू मला कुठे पाठवलंस ते मला आज कळलं.

पानात बांधलेला वाटा घेऊन ती आशागडला गेली. मनोरमाबाईंनी आधी तो देवापुढे ठेवला, मग कपाटातून कागद काढला.

"तपासला गं. नेतेस?"

"नको बाई. राहू दे तुमच्याकडे."

"बरं. मागची बाजू कोरी आहे, वाण्याची यादी होईल," असं म्हणून त्यांनी खरंच मागे 'गूळ' लिहिलं.

गेल्या ऑगस्टला मांडवावर पुन्हा काकड्या लागल्या. शाळा बघायला आलेले एक साहेब परसबागेत फिरले, खूश झाले, म्हणाले, "वा मॅडम, चिरा की एखादी!" बावीस जोडी डोळे सोनलकडे वळले.

"अजून नवं व्हायचंय, सर," सोनल म्हणाली. "महिन्याने या. मुलं तुम्हाला हाताने भरवतील."

शुक्री पुढे झाली आणि पानं सारखी करून तिने काकडी झाकली.