चार नंबरची ट्राम

खरं सांगते, त्या दिवशी मी देवावर चिडले होते. हमरापूरच्या आमच्या कारखान्यात तीस वर्षं गणपती रंगवले, आणि माझा एकुलता एक मुलगा जर्मनीतल्या परक्या शहरात मेंदूत रक्तस्राव होऊन पडला होता. सूनबाई इस्पितळातच असायची. मला रोज ट्रामने मुलाचा एक मित्र घेऊन जायचा. त्या दुपारी तो कामावर गेला होता आणि सूनबाईचा फोन आला, "आई, लगेच निघा. डॉक्टर म्हणतात, फार वेळ नाही."

मी धावत थांब्यावर गेले आणि चार नंबर दिसताच चढले. पेणच्या स्टँडवर रोह्याची पाटी लावलेली गाडी रोह्यालाच जाते. इथे जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही ट्रामवर तोच आकडा, हे माझ्या लक्षातच आलं नाही. रोजचा नदीवरचा पूल येईना, घरं विरळ झाली, तेव्हा कळलं, मी उलट्या दिशेला चालले होते. फोन लावला, तर सूनबाई उचलेना. एवढी सेवा करून घेतलीस आणि आज वाट चुकवलीस? देवाला मनात नाही नाही ते बोलले. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरून गेले, तेव्हा मात्र मी हात टेकले. म्हटलं, बाप्पा, मला काही कळत नाही, आता तूच ने.

ट्राम चालवणारी बाई थर्मास घेऊन बाहेर आली. माझ्याच वयाची असेल. मी इस्पितळाचं नाव लिहिलेली चिठ्ठी पुढे केली आणि रडत मराठीतच म्हणाले, "माझा पोरगा हाय तिथं. चाललाय गो तो." तिने चिठ्ठी वाचली, माझा हात धरला आणि धावत सुटली. पुढे परतीची ट्राम दारं मिटून हलली होती. सुटलेली ट्राम तिथे कुणासाठी थांबत नाही, हे मी रोज पाहत होते. बाईने काचेवर हात आपटला, आणि ट्राम थांबली. त्या चालकाने इस्पितळापाशी स्वतः उतरून मला फाटक दाखवलं.

मुलाचा श्वास चालू होता, हात गरम होता. "आले रे बाळा," म्हणाले आणि त्याच्या लहानपणचं काहीबाही बोलत राहिले. अर्ध्या तासाने श्वास थांबला.

दुःख कमी झालेलं नाही, होणारही नाही. पण रोज दिवा लावताना त्या बाईसाठीही हात जोडते. तिचं नावसुद्धा मला ठाऊक नाही.

गावी परतल्यावर थोरली जाऊ माझ्यासाठी तळमळून म्हणाली, "एवढी सेवा केलीस गो, देवानं काय दिलं तुला?"

"पोराचा जीव मागितला, तो नाय दिला," मी म्हणाले. "पन मी पोचायच्या आधी नाय नेला त्याला."