लूत

करंजाच्या कोमट तेलात कुटलेला गंधक ढवळणारी आईची बोटं... पिवळट, निश्चल चेहऱ्याखाली तेवढीच काय ती हलत होती. निजामी अमलातलं सेलू, हिवाळ्याचे दिवस, जिनिंगमधून उडालेला कापूस अंगणातल्या तुळशीवर बसायचा. माझा आठ महिन्यांचा भाऊ तापात गेल्याला दोन महिने झाले होते, आणि तेव्हापासून आई बोलत नव्हती. मीही रडत नव्हते — घरात कुणीच काही करत नव्हतं.

अशातच ती कुत्री गोठ्याशी येऊन पडली. डोळ्यांभोवतीचे, कोपरांवरचे केस झडलेले, कातडी जाड, राखाडी, खाजवून खाजवून रक्ताळलेली; अंगाला आंबूस वास. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, काठी उचलली.

"राहू द्या तिला," आई म्हणाली. अण्णांच्या हातातली काठी तशीच खाली आली.

त्यांनीच मग सरकारी दवाखान्यातल्या सलोतरीचाचांना बोलावून आणलं. गुराढोरांचे हे म्हातारे डॉक्टर उकिडवे बसले, कुत्रीच्या कानाची कड त्यांनी दोन बोटांत चोळली, तर तिचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला. ते आईला म्हणाले,

"बघ बेटा, हे लुतीचं लक्षण हाय. कातडीत बारीक किडे असतेत. तिच्याखालचं गोणपाट जाळून टाका, कडूलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धुवा, आठ-आठ दिवसांनी करंजाच्या तेलात गंधक कालवून लावा. चाटू देऊ नका. अन् पोरीला हात लावू देऊ नका, माणसालाबी खाज सुटतीय."

आईनं चार वेळा तेल लावलं. दर वेळी ते वाळेपर्यंत कुत्रीचं तोंड मांडीशी धरून ती उन्हात बसे. तिच्या मनगटांवर पुरळ उठलं, तरी ती थांबली नाही. संक्रांतीच्या सुमारास उघड्या कातडीवर मऊ, तांबूस लव आली.

"तिचं नाव काय ठेवायचं?" मी विचारलं.

आई कितीतरी वेळ त्या लवेवरून हात फिरवत राहिली. "नगं," म्हणाली. "हाक मारायची सवय लागती."

ती कुत्री पाच वर्षं आमच्याकडे राहिली, बिननावाची. एका सकाळी ती उठलीच नाही. अण्णांनी परसात खड्डा केला; आईनं हात धुतले आणि भाकरी थापायला बसली. पहिली भाकरी उलथताना तिनं हळूच माझ्या भावाचं नाव घेतलं — एकदाच. मी ताट पुढे ओढलं आणि जेवले.