दाबून भरलेली वाटी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीलासुद्धा नाही — आणि तिला तर माझं सगळं ठाऊक असतं.

आमची दिवेआगरला सुपारीची वाडी. ह्यांना साखरेचा आजार निघाला, त्याच्या कितीतरी आधीपासून मी घसा कोरडा करत होते — अहो, भात कमी करा, जरा चालत जा. ऐकलं कधी? मग बोर्लीला ती तरुण डॉक्टरीण आली. तिने ह्यांना समोर बसवून काय खाता, किती खाता, किती चालता, सगळं निवांत विचारलं. भात एकच वाटी, आणि रोज सकाळी किनाऱ्यावर चालायचं, म्हणाली. झालं! पाण्याचा तांब्याही हातात मागणारा माणूस उजाडायच्या आत चपला घालून तयार. येताजाता एकच, "डॉक्टरीणबाई बोलल्यात." मी बोलत होते तेव्हा काय कानात बोळे होते?

जळले मी. सरळच सांगते. संशय वगैरे नव्हता हो, पोरीच्या वयाची ती — पण माझंच बोलणं तिच्या तोंडून आलं की त्याला किंमत, हे सोसवेना.

आणि वाटी... वाटी तर मीच भरायची ना? भातवाढीने दाबून दाबून भरू लागले. आमटीत गुळाचा खडाही मोठा टाकायचे. हे बिचारे खूश — एका वाटीत पोट भरतं म्हणायचे. मला काय हवं होतं? तिचा सल्ला फुकट जावा, एवढंच. त्यात ह्यांचं काय होईल, हे कळत नव्हतं का? कळत होतं.

प्रत्येक तपासणीत साखर वाढलेलीच. शेवटी तिने विचारलं, "काका, खरं सांगा, बाजारात भजी-पाव होतो ना?"

"न्हाय वो. एकच वाटी भात खातो. हिला इचारा."

माझ्याकडे बघत राहिले, अगदी खात्रीने. आणि मी म्हणाले, "मी काय बाजारात ह्यांच्या मागे मागे फिरते?"

इन्सुलिन सुरू झालं. चालणं त्यांनी आपणहून सोडलं — काय उपयोग, म्हणाले. वाटी मी त्या दिवसापासून सैल भरते. पण कुठल्याशा लग्नात खाल्लेल्या दोन जिलब्यांना ते अजून दोष देतात. कुणी तब्येतीची चौकशी केली की हसून सांगतात, "आपली जीभच वायट. डॉक्टरीण चांगली, बायको चांगली."

मी शेजारीच बसलेली असते.