भाजलेले हात

"रॉकेलचा डबा थोरल्या दिरांच्या हातात होता." भर सभेत, पोलिसांसमोर, दोन्हीकडच्या माणसांसमोर मी हे बोलले. ते खोटं होतं. आजवर हे कुणालाच सांगितलेलं नाही — देवीपुढेसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

आमचा कोळीवाडा वसईच्या किल्ल्यामागे. थोरले दीर, हरी तांडेल, यांनी भांडून गावाला मासळीचा धक्का मिळवून दिला, म्हणून ते गेल्यावर नाक्यावर त्यांचा पुतळा बसला. खाडीपलीकडच्या वस्तीला तो कधी सोसला नाही. ती माणसं बाहेरून खलाशी म्हणून आलेली. पुढे त्यांनी स्वतःच्या होड्या केल्या. आमच्या तरुणपणी जाळ्यांवरून मारामाऱ्या झाल्या, आणि एका दुपारी त्यांची एक होडी कुणीतरी पेटवली. आत एक माणूस झोपला होता. तो मेला. पेटवणारा तांडेलांच्या घरातला, एवढंच लोकांना ठाऊक. आणि दिरांचे दोन्ही हात भाजलेले. ते सगळ्यांनी जन्मभर पाहिले.

गेल्या वर्षी त्या वस्तीची पोरं उठली. पुतळा हटवा. दगड पडले, बाजार बंद, नाक्यावर पोलिसांची गाडी. शेवटी देवळाच्या मंडपात सभा झाली. कुणी म्हणालं, देवळाच्या आवारात हलवू. कुणी म्हणालं, राहू द्या, खाली पाटी लावू. आमच्यातला एक म्हातारा म्हणाला, "पुतला कुनाचं काय खातो रे? कावले बसतात, बसू दे." त्यावर मेलेल्या माणसाचा मुलगा उठला. त्याचेही केस पिकलेत. "आम्ही मासळी घेऊन रोज त्याच्या पायाखालून जातो, दादा," एवढंच म्हणाला.

तेव्हा माझी जाऊ उभी राहिली. चंद्रा, दिरांची बायको. म्हणाली, माझ्या माणसाचे हात त्या बिचाऱ्याला बाहेर ओढताना भाजले. मागून कुणी हसलं. ती माझ्याकडे वळली. "तू व्हतीस गो तिथं, बोंबील सुकवत. सांग यांना."

होते मी. किनाऱ्यावर दुसरं कुणी नव्हतं. बांबूवर बोंबील टाकत होते. डबा कुणाच्या हातात होता? माझ्या नवऱ्याच्या. दीर धावत आले, आगीत हात घालून त्या माणसाला ओढलं, आणि धाकट्या भावाचं नाव मरेपर्यंत तोंडातून काढलं नाही.

तुम्हाला वाटेल, मी नवऱ्याची अब्रू राखली. छे. तो दारू पिऊन केव्हाच मेला. त्याच्या नावाचं मला काय?

मला चंद्राचं सोसत नव्हतं. कसं सांगू — दोघी एकाच घरात सुना म्हणून आलो, दोघी विधवा झालो. आमच्यात नारळी पुनवेला विधवेच्या हाती नारळ देत नाहीत. पण पुतळा बसल्यापासून मिरवणूक नाक्यावर थांबायची आणि सोनेरी कागद लावलेला तो नारळ आधी चंद्राच्या हातात द्यायचे. ती नव्या साडीत. बायका तिच्या पाया पडायच्या. मी मागे, भिंतीला टेकून. ती माझ्याहून जास्त राबली का? टोपली मी जास्त वाहिली. मार मी खाल्ला, तिनं कधी नाही. मग तिच्या वाट्याला तसा नवरा आणि माझ्या वाट्याला असा, हे कुणी ठरवलं? त्या पुतळ्याकडे बघताना मला दीर दिसतच नसत. तिची साडी दिसे.

म्हणून बोलले. घाबरून नाही, गोंधळून नाही. तिच्या तोंडाकडे बघत बोलले.

मग ते भाजलेले हातच पुरावा झाले. पुतळा क्रेननं उतरवला. दुकानं उघडली. मेलेल्याचा तो मुलगा माझे हात धरून म्हणाला, "मावशी, घरच्या माणसाविरुद्ध खरं बोलणाऱ्या तुम्हीच निघालात." मी हात सोडवून घेतले नाहीत. पुढच्या नारळी पुनवेला चंद्रा मागे, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मला बरं वाटलं. लपवून काय करू? बरंच वाटलं.

एक मात्र माझ्या हिशेबात नव्हतं. वाटलं होतं भांडेल, शिव्या घालेल. मी खोटं बोलतेय हे तिला कळणारच — असं मी धरून चालले होते. सभेनंतर ती आली, माझ्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "तू पायलंस म्हंजे खरंच असल गो. मलाच खोटं सांगितलं त्यानं, येवढी वरसं." घरी जाऊन तिनं भिंतीवरचा त्यांचा फोटो स्वतःच्या हातानं उतरवला. आमची भिंत एकच. खिळा उपटल्याचा आवाज मला इकडे आला.

तेव्हा उठून जाता आलं असतं. दार तर शेजारी होतं. मी चुलीवरचा भात बघत बसले. त्यानंतरही रोज भेटायची — रोज सांगता आलं असतं.

चंद्रा माघात गेली. आपल्या नवऱ्यानं माणूस जाळला, असं मानून गेली. ती होडी जळताना ज्यांनी पाहिली, त्यांतली मी एकटीच आता जिवंत आहे.