लेकीच्या गावची रेंज

मोबाइलच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. "लेकीला पाठवायला कुठल्या कंपनीचं कार्ड घेऊ?" त्या विचारत होत्या. "तिच्या सासरी रेंजच नसते. दोन शब्द बोलली की म्हणते, आई, रेंज नाही, ठेवते."

"फोन जुना असेल," दुकानदार म्हणाला आणि काचेखालचे नवे फोन दाखवू लागला.

"फोन लग्नात नवाच दिलाय."

त्यानं गाव विचारलं आणि नाव ऐकून तो हसला. "काकू, तीच तर माझी सासुरवाडी! गावातच टॉवर आहे. कुठलंही कार्ड घ्या, अगदी स्वयंपाकघरातसुद्धा फुल रेंज."

त्यानं आनंदाची बातमी दिली होती. बाईंनी मात्र पुन्हा विचारलं, "स्वयंपाकघरातसुद्धा?"

रेंज नाही, असं आपण दिवसभर कुणाकुणाला सांगत असतो, नकोशी माणसं टाळायला. पण समोर सासरचं कुणीतरी कान देऊन उभं असतं, म्हणून एखादी मुलगी सख्ख्या आईलाही तेच सांगत असेल. आणि आई बिचारी टॉवरला दोष देत बसते.

"मग कुठलं देऊ, काकू?"

"कार्ड राहू दे," बाई म्हणाल्या. "तिकडे जायला आता एसटी कधी आहे?"