वजा दोन

मावशी टेबलाखाली आडवी झाली होती. दातांत चिकटपट्टीचा तुकडा, एका हातात कीबोर्डचा प्लग, दुसऱ्या हातानं एक्स्टेंशन बोर्ड दाबून धरलेला. हॉलमध्ये वेटर टेबलांवर काटे-चमचे मांडत होते आणि जाता-येता तिचे बाहेर आलेले पाय बघून हसत होते.

"मावशी, लोक बघतायत."

"बघू देत. जरा पाय दे इथे. अगं वायरीवर नाही शहाणे, बोर्डावर!"

मी बोर्डावर पाय दिला. तिनं प्लगला पट्टी गुंडाळली, तिच्यावर दुसरी, त्या दोन्हींवर आडवी तिसरी. मग बाहेर आली, गुडघे झटकले आणि सगळ्या वेटरांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हा प्लग कोणी काढला तर त्याचा हात मोडेन."

दर रविवारी दुपारी हेच चालायचं. त्या हॉटेलच्या हॉलमध्ये लोक जेवायचे आणि आम्ही तिघं वाजवायचो. मावशी कीबोर्डवर, तिचा नवरा म्हणजे आमचे काका गायला, आणि मी ऑक्टोपॅडवर. रबराचे आठ चौकोन असतात, काठीनं बडवायचे, आतून हवा तो ठोका निघतो. मी नववीत शाळा सोडली, मला एका जागी बसवत नाही. घरचे बोंबलत होते तेव्हा मावशी म्हणाली, बसू नकोस मग, बडव. काका मला भिंगरी म्हणतात.

मावशी वाजवायला कुठे शिकली नाही. लग्नाआधी ती वाद्यांच्या दुकानात कामाला होती, वाद्यं पुसायला. गिऱ्हाईक नसलं की पुसता पुसता वाजवायची. मालक म्हणायचा, फडकं हातात ठेवून वाजव बाई, कोणी आलं तर पुसतेयस असं दिसू दे. अजूनही तिची उजवी करंगळी आत वळलेली असते, फडकं धरल्यासारखी. काका त्या दुकानात माईक बघायला गेले होते. "माईक घेतला नाही, हिला घेऊन आलो. आवाज दोघांचा सारखाच," असं ते सांगतात. शंभरदा ऐकलाय हा जोक, तरी मला हसू येतं. मावशीला येत नाही. दुकान बंद झालं तेव्हा मालकानं शोकेसमधला कीबोर्ड तिला देऊन टाकला. तोच आम्ही इतकी वर्षं वाजवत होतो.

आठवडाभर ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात इस्त्रीवर असते आणि काका बस डेपोत चौकशीच्या खिडकीत. माईकवरून गाड्या पुकारतात. पुकारताना शेवटचं अक्षर असं लांबवतात की ज्यांना जायचं नाही तेसुद्धा वळून बघतात.

तर कीबोर्ड. तो पार खिळखिळा झाला होता. आवाज चरचरायचा, स्क्रीन मेला होता, पॉवरची पिन ढिली. वायरीला कोणाचा बूट लागला तरी बंद पडून परत चालू व्हायचा. मी मावशीच्या मागे लागले होते, नवा घे. बाजारात याच कंपनीचं नवं मॉडेल आलं होतं, स्टेजवर वाजवायला बनवलेलं. सगळ्यांचं म्हणणं तेच होतं, काकांचंसुद्धा. पैसे बाजूला काढलेले होते. तरी मावशी "बघू" म्हणायची. या "बघू"वर कितीतरी महिने गेले.

मग हॉलचा मॅनेजर आला. जेवणारे उठले होते, आम्ही वायरी गुंडाळत होतो.

"ताई, हॉलला रंग देतोय पुढच्या महिन्यात. नव्या हॉलमध्ये हा डबा चालणार नाही. दुसरे लोक विचारतायत, त्यांच्याकडे दोन मजली कीबोर्ड आहे."

"दोन मजली? लिफ्ट आहे का त्याला?" मी म्हटलं.

"भिंगरी," काका म्हणाले. म्हणजे गप्प बस.

मॅनेजर गेला. काका डब्याकडे बघत राहिले. त्यांच्यासाठी तो रविवार काय आहे ते मला माहीत आहे. शनिवारपासून गरम पाण्याचा थर्मास घेऊन फिरतात, शर्ट स्वतः निवडतात. तो हॉल गेला तर काकांनी गायचं कुठे? डेपोत?

पुढच्याच रविवारी घोळ झाला. गाणं अर्ध्यात होतं. एका वेटरनं खुर्ची ओढली, वायर ताणली गेली. चिकटपट्टीनं प्लग धरून ठेवला, पण दुसऱ्या टोकाची ढिली पिन हलली. कीबोर्ड बंद पडला आणि परत चालू झाला. मावशीनं सवयीनं तिथूनच गाणं उचललं. काका वरच्या ओळीवर गेले आणि त्यांचा आवाज फाटला. साफ फाटला, कापडासारखा. खिडकीजवळच्या टेबलावरचा एक जण हसला. मी काठी त्याच्याकडे भिरकावणार होते, पण तितकी अक्कल आहे मला. मी आठही चौकोन एकदम बडवले, गोंगाट केला. तेवढ्यात मावशीनं एक बटण पटापट दाबलं, "मशीन गंडलं, माफ करा," म्हणाली आणि गाणं पहिल्यापासून घेतलं. या वेळी काका आरामात वर जाऊन खाली आले.

मी तिची बोटं बघत होते. दोन्ही वेळा बोटं त्याच पट्ट्यांवर होती. मग आवाज वेगळा कसा?

काका हात धुवायला गेले तेव्हा मी तिला ओढत स्वयंपाकघराच्या मागच्या पायऱ्यांवर नेलं. आत भांडी आपटत होती.

"काय दाबलंस तू?"

"कुठे काय?"

"मावशी, मी बडवते म्हणून मी बहिरी नाही."

ती पायरीवर बसली. मग सांगितलं. काका काळी दोन पट्टीत गातात, पहिल्यापासून, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. आदल्या वर्षी त्यांच्या घशातली गाठ काढली. साधीच होती, पण आवाज खाली उतरला. परत गायला उभे राहिले त्या दिवशी थर्मासचं झाकण त्यांना उघडेना. मावशीनं गुपचूप ट्रान्सपोजचं, म्हणजे सूर वर-खाली सरकवायचं, बटण दोनदा दाबलं. वजा दोन. म्हणजे बोटं काळी दोनवरच, पण आवाज अख्खा सूर खाली. गाणं पूर्ण झालं. काकांनी तिची बोटं बघितली आणि म्हणाले, "बघ, काळी दोन! पन्नाशी गेली, पण पट्टी सोडली नाही."

"आता यांना मी काय सांगू?" मावशी म्हणाली.

कीबोर्ड बंद झाला की ते वजा दोन विसरतो, परत मूळ सुरावर येतो. म्हणून तो चिकटपट्टीचा खेळ. म्हणून ती सगळ्यांच्या आधी येऊन कीबोर्ड चालू करायची आणि सगळ्यांच्या नंतर बंद.

"सांगून टाक की," मी म्हटलं.

"तू सांगतेस?"

मी कोणालाही काहीही तोंडावर सांगते. पण हे नाही.

"मग नवा घे. त्याची पिन तरी घट्ट असेल."

"पिन घट्ट असेल, पण स्क्रीन जिवंत असेल. हे माझ्या शेजारी उभे राहतात. एवढा मोठा आकडा दिसेल, वजा दोन."

तरी मी तिला दुकानात नेलंच. इस्त्रीवरून सुटली तशीच, हाताला वाफेचा वास. दुकानदार तरुण होता, बोलका. नवं मॉडेल चालू करून दाखवायला लागला. "यात शेकडो आवाज आहेत ताई. पावसाचासुद्धा."

"पाऊस काय करू? जेवणाऱ्यांना भिजवू?"

ती पट्ट्यांवरून हात फिरवत होती, पण वाजवत नव्हती. मग एकच प्रश्न विचारला. "बंद करून चालू केल्यावर ट्रान्सपोज तसाच राहतो का?"

"राहतो. सेव्ह करायचा, खाली या बटणांवर," तो लगेच म्हणाला. पुस्तक नाही उघडलं, काही नाही. "आणि स्क्रीनवर तो आकडा नको असेल तर लपवता येतो. फक्त वाद्याचं नाव दिसेल."

मला वाटलं, काय हुशार माणूस आहे, गिऱ्हाइकाच्या मनातलं ओळखतो. मी मावशीला कोपरानं ढोसलं. झालं की काम! तिनं वजा दोन लावलं, सेव्हच्या बटणावर बोट नेलं आणि तसंच मागे घेतलं.

"जाऊ दे. जुनाच बरा." आणि सरळ दुकानाबाहेर.

मी तिच्या मागे धावले. भर रस्त्यात भांडले. "डोकं फिरलंय का तुझं? हॉल जाईल! काका घरी बसतील!"

"ओरडू नको."

"ओरडणार!"

ती बंद पडलेल्या एका दुकानाच्या शटरला टेकली. "जुन्यावर मी दर रविवारी ते बटण दोनदा दाबते. दर वेळी वाटतं, आज एकदाच दाबून बघू का? आज चढतील का थोडे वर? हिंमत होत नाही, पण वाटतं तरी. सेव्ह केलं की मला दाबावंच लागणार नाही. म्हणजे मीच ठरवून टाकलं ना गं, की यांचा आवाज आता असाच राहणार."

माझे पाय थांबत नव्हते. बुटाच्या टोकानं मी शटरवर ठोके देत होते, खालच्या पट्टीवर, मग वरच्या. तिथूनच सुचलं.

"मावशी, सेव्हची बटणं किती होती खाली?"

"होती रांगेनं बरीच. का?"

"पहिल्यावर वजा दोन ठेव. दुसऱ्यावर वजा एक. तिसऱ्यावर काहीच नको, मूळ काळी दोन. ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी पुढचं बटण दाब."

ती शटरपासून सरळ झाली. "नववीत नापास झालीस ना तू?"

"नापास नाही. सोडली."

"तेच ते," ती म्हणाली आणि दुकानाकडे परत वळली. मला तिच्यामागे पळावं लागलं.

नवा कीबोर्ड पहिल्यांदा हॉलवर नेला तेव्हा मावशीनं बॅगेतून चिकटपट्टी काढली, हातात धरली आणि परत ठेवून दिली. भिंतींना ताज्या रंगाचा वास होता. मॅनेजर म्हणाला, "आता कसं!" काकांनी कीबोर्डच्या कडेवरून प्रेमानं हात फिरवला, पण स्क्रीनकडे एकदाही बघितलं नाही. मी म्हटलं बरं झालं, चष्मा विसरले असतील.

तिसऱ्या गाण्यात मी मुद्दाम वायर ओढली. हो, मीच. मला बघायचं होतं. कीबोर्ड बंद पडला, मावशीनं माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं. मी प्लग परत खोचला, तो चालू झाला. बोटं काळी दोनवर, आवाज तोच खालचा. काका वर गेले आणि ओळ छान धरून ठेवली. खिडकीजवळच्या टेबलावर कोणीतरी टाळी वाजवली.

"काळी दोन!" काका मावशीच्या कानात म्हणाले.

"दिसतंय मला," मावशी म्हणाली.

मग कितीतरी रविवार पहिल्याच बटणावर गेले. एका दुपारी दोन गाण्यांच्या मधे तिनं माझ्याकडे बघितलं, बोट दुसऱ्या बटणावर ठेवलं आणि दाबलं. माझा ठोका चुकला. काकांनी थर्मासचा एक घोट घेतला, गायले आणि पोचले. थोडे ताणले गेले, पण पोचले. मावशी पुढचं अख्खं गाणं खाली मान घालून वाजवत होती. अजून आम्ही दुसऱ्या बटणावरच आहोत. तिसरं तिथेच आहे, कुठे जात नाही.

जुना कीबोर्ड मावशीनं मला दिला. त्याची पिन जोडून घ्यायला मी परवा त्याच दुकानात गेले. दुकानदारानं मला ओळखलं.

"काका बरे आहेत ना? गातात ना?"

"तुम्ही काकांना कसे ओळखता?"

"ते आले होते की. तुम्ही दोघी यायच्या आठवडाभर आधी. बंद करून चालू केल्यावर ट्रान्सपोज राहतो का, आकडा लपवता येतो का, सगळं त्यांनीच विचारलं. मला ठाऊक नव्हतं, पुस्तकातून शोधून काढायला लावलं. जाताना म्हणाले, बायको विचारायला येईल, तेव्हा असं शोधत बसू नका, पटकन सांगा. आणि मी आलो होतो हे तिला सांगू नका."